खाडी ओलांडली, पण पुढची एसटी मिळाली का? कोकणातील फेरीबोटीच्या प्रवासाचे अनुभव

दाभोळ आणि धोपावे ही गावे समोरासमोर आहेत आणि मध्ये केवळ वाशिष्ठीची खाडी आहे. तरीही २००३ मध्ये येथे फेरीबोट सुरू होईपर्यंत गाडी घेऊन पलीकडे जायचे तर चिपळूणचा वळसा चुकत नसे. आज वेसवी–बागमांडले, आगरदांडा–दिघी आणि जयगड–तवसाळ येथेही अशाच बोटी चालतात आणि स्वतःची गाडी असणाऱ्यांची अडचण त्यांनी बरीचशी दूर केली आहे. या धाग्यात मात्र पिशवी हातात घेऊन पायी बोटीत चढणाऱ्यांचे अनुभव हवे आहेत. कोणत्या ऋतूत गेलात, कोठे उतरलात आणि तेथून पुढे कसे पोहोचलात, एवढे अवश्य लिहावे. राहण्याजेवण्याच्या शिफारशी येथे नकोत.

सुरुवात मीच करतो. दिवाळीनंतरच्या आठवड्यात आईला घेऊन दापोलीहून एसटीने दाभोळला आलो. बोट धक्क्याला लागलेलीच होती, त्यामुळे सारे जुळून आले असे वाटले. परंतु आम्ही खाडीच्या मध्यावर असतानाच समोरच्या काठावरून गुहागरची एसटी निघाली आणि चढ चढून दिसेनाशी झाली. आई म्हणाली, "अरे, हाक मार ना त्याला!" पुढची गाडी अडीच तासांनी होती. अखेर बोटीतूनच उतरलेल्या एका कुटुंबाने आम्हाला मोटारीत घेतले. तेव्हापासून मी गाडीवाल्यांशी बोटीतच बोलून घेतो, कारण गाड्या उतरण्यासाठीची बोटीची पुढची फळी खाली पडली की पाच मिनिटांत धक्का रिकामा होतो आणि मग विचारायला कोणी उरत नाही.

सासर मंडणगड, माहेर श्रीवर्धन

माझे माहेर आणि सासर यांच्यामध्ये सावित्रीची खाडी आहे. आंबेतच्या पुलावरून गेले तर अर्धा दिवस मोडतो, म्हणून मी बाणकोटकडे जाणाऱ्या एसटीने वेसवीला उतरते आणि बोटीने बागमांडल्याला जाते. एसटीच्या वेळापत्रकाइतकेच भरती-ओहोटीचे गणितही येथे ठाऊक असावे लागते. ते मला आजेसासऱ्यांनी शिकवले: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ अंदाजे निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, अमावास्येला (पंधरावी तिथी) सव्वाअकराच्या. तेथून सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी जितके चढते तितकेच खाली जाते, आणि अशा ओहोटीला धक्क्याचा उघडा पडलेला उतार शेवाळाने इतका निसरडा असतो की कडेवर मूल आणि हातात फणस घेऊन उतरण्याचे धाडस मी एकदाच केले. (फणस वाचला नाही.)

बागमांडल्याहून सुटणारी गाडी बोटीसाठी थांबेलच, असा काही नियम नाही. तथापि चालक नेहमीचा असेल तर बोट पाण्यात दिसत असताना तो गाडी हलवत नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे. चालक बदलला की ही सोयही जाते, आणि मग हरिहरेश्वरपर्यंत रिक्षा करून तेथून पुढचे पाहावे लागते.

अलिबाग–मुंबई, नोकरीनिमित्त

बोट आणि बस यांची सांगड मांडव्याला जशी घातली आहे, तशी मी कोकणात इतरत्र पाहिली नाही. गेटवेहून सुटणाऱ्या काही कंपन्यांच्या तिकिटातच मांडवा ते अलिबाग बसचे भाडे धरलेले असते. लाँचमधले प्रवासी आत बसले की बस सुटते, त्यामुळे धावाधाव करावी लागत नाही. या बसने जायचे नसेल तर बाहेर मिनीडोर (भाड्याच्या छोट्या प्रवासी रिक्षा) असतातच.

पावसाळ्यात मात्र गेटवेच्या लाँच बंद राहतात. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्याहून मांडव्यापर्यंत रो-रो (गाड्याही नेणारी मोठी बोट) सुरू झाल्यापासून त्या महिन्यांतही सुमारे तासाभरात घरच्या काठाला लागता येते. पण वारा वाढला तर तीही रद्द होते. एका जुलैच्या संध्याकाळी धक्क्यावर पोहोचल्यावर फेरी रद्द झाल्याचे कळले. तेथून पनवेल, मग मिळेल ती एसटी, वडखळची कोंडी, असे करत रात्री साडेबाराला घरी पोहोचलो. आता पावसाळ्यात निघण्यापूर्वी दूरध्वनी करून खात्री करतो आणि पनवेलहून सुटणाऱ्या शेवटच्या गाडीची वेळ खिशात ठेवतो.

मूळ गाव विजयदुर्गाजवळ, वय ७६

तुम्ही सर्व जण खाडी ओलांडण्याविषयी लिहीत आहात. आम्ही तर गावालाच बोटीने जात असू. १९७०च्या दशकात भाऊच्या धक्क्यावर सकाळी आगबोटीत बसायचे, डेकवर सतरंजी पसरून जागा धरायची आणि हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी अशी बंदरे मोजत बसायचे. पुष्कळ ठिकाणी आगबोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि ट्रंका, वळकट्या, म्हातारी माणसे असे सगळे पडावात, म्हणजे छोट्या होडीत, उतरवले जाई. लाटेने पडाव वर आला की त्याच क्षणी पाय टाकायचा. खलाशी दंडाला धरून ओढून घेत.

माझ्या वडिलांनी आम्हाला पावसाळ्यात कधीही समुद्रमार्गे पाठवले नाही. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली, ती बातमी त्यांनी मुंबईत असताना ऐकली होती.

एका गोष्टीचे मात्र आज नवल वाटते. आगबोटीला कितीही उशीर झाला, तरी आमची एसटी बंदरावर दिवे मालवून उभी असे. तिच्यात बसणारे सारे प्रवासी बोटीतूनच यायचे असल्यामुळे, रिकामी गाडी नेऊन कंडक्टर तरी काय करणार होता?

पणजीहून, थोडक्यात

केरी ते तेरेखोल या बोटीत गोव्यात पायी प्रवाशाला तिकीट लागत नाही. पलीकडचा तेरेखोलही गोव्याचाच, पण तेथून जमिनीने बाहेर पडायचे तर महाराष्ट्रातूनच जावे लागते. मागच्या खेपेस ओहोटीमुळे बोट दीड तास थांबली, म्हणून रेडीहून वेंगुर्ल्याला जाणारी एसटी चुकली. वरच्या ताईंचे तिथीचे गणित तेरेखोलच्या खाडीलाही तसेच लागू पडते का? पडत असेल तर येत्या दशमीला निघण्याचा विचार आहे.