पहिली मधकाढणी: फ्रेम कधी काढायची, आणि मे महिन्याच्या उन्हात मध ठेवायचा कुठे?

गोदाकाठ (अंबड, जि. जालना)

राम राम मंडळी. मेलिफेराच्या (पाळीव युरोपीय मधमाशी) ४ पेट्या आहेत, १० फ्रेमच्या (पोळ्याच्या चौकटी). आजूबाजूला करडई, बियाण्याचा कांदा आणि थोडे धने. डिसेंबरअखेर साखरेचा पाक बंद केला आणि जानेवारीत सुपर (मध साठवायच्या वरच्या कोठ्या) चढवले. खाली राणीजाळी (राणीला वर येऊ न देणारी) आहे. आता सुपरमधल्या ५-६ फ्रेम वरून पांढऱ्या मेणाने बंद झाल्यात, कडेच्या अर्ध्या उघड्या आहेत. चार फ्रेमचं स्टीलचं मधयंत्र (फ्रेम फिरवून मध काढणारं) भाड्याने मिळतंय.

बंद आणि अर्धवट अशा सगळ्या फ्रेम एकदम काढल्या तर चालेल का? यंत्राचं भाडं दोनदा द्यायचं नाही. मध पिकला की नाही हे मोजायच्या यंत्राशिवाय कळतं का? गावात सांगतात की मध उकळून गार करून भरला की वर्षभर टिकतो, हे खरं का? घरावर पत्रे आहेत. तेलाचे रिकामे १५ किलोचे डबे भरपूर आहेत, त्यात भरला तर?

परभणीचा_मधपाळ

दादा, उकळायचं आधी डोक्यातून काढा. त्याचं कारण पुढे कुणीतरी सांगेलच, मी फक्त पहिल्या प्रश्नाचं बोलतो, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे.

मकरंदात निम्म्याहून जास्त पाणी असतं. माश्या पंखांनी वारा घालून ते १८-१९ टक्क्यांपर्यंत आटवतात आणि मग घर मेणाने बंद करतात. एफएसएसएआयच्या (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) नियमात मधाला पाण्याची मर्यादा २० टक्के आहे, आणि तो आकडा उगाच नाही. यीस्ट मधात कायमच असते. पाणी कमी असेल तोवर ती गप्प पडून राहते, २० च्या वर गेलं की आंबवायला लागते. बरणीवर फेस येतो, झाकण फुगतं, उघडताना फुस्स आवाज येतो आणि आंबूस वास सुटतो. असा मध विकायचा नाही, माश्यांनाही परत घालायचा नाही, त्यांना हगवण लागते.

तीन-चतुर्थांश बंद झालेली फ्रेम काढा, हा नियम सगळीकडे सांगतात. मराठवाड्यात तो ऋतू बघून वापरावा. फेब्रुवारी-मार्चात आपली हवा इतकी कोरडी असते की उघड्या घरातला मधही बऱ्याचदा १८-१९ ला आलेला असतो. माश्यांनी फक्त झाकण लावायचं राहिलेलं असतं. याच्या उलट सप्टेंबरात सूर्यफूल नाहीतर तिळावरची फ्रेम पूर्ण बंद असूनही २१ दाखवू शकते, कारण मध हवेतलं पाणी ओढतो. त्यामुळे पावसाळी मधाला नुसत्या झाकणावर विश्वास ठेवू नका, मोजूनच काढा.

यंत्राशिवायची परीक्षा: फ्रेम पेटीच्या वरच आडवी धरा आणि खाली एक जोराचा झटका द्या. उघड्या घरातून थेंब उडाले तर तो ताजा मकरंद, फ्रेम परत आत. काहीच उडालं नाही तर काढायला हरकत नाही. ही परीक्षा सकाळी फुलावर माश्या जाण्याआधी घ्यावी. दुपारी चांगल्या पिकलेल्या पोळ्यातही नुकताच आणलेला मकरंद भरलेला असतो आणि तो थेंब उडवतोच.

तरी रिफ्रॅक्टोमीटर (मधातलं पाणी मोजायचं यंत्र) घ्याच, विक्री करायची असेल तर तेवढा खर्च वसूल होतो. दोन गोष्टी लक्षात ठेवा. काटा ब्रिक्सवर (साखरेच्या पट्टीवर) वाचत असाल तर ८० ब्रिक्स म्हणजे २० टक्के पाणी नव्हे, मधाच्या बाबतीत ते १८ ते १८.५ च्या आसपास येतं, म्हणून पाण्याचीच पट्टी वाचा. दुसरं, तापमान आपोआप सांभाळणारी साधी यंत्रं साधारण १० ते ३० अंशांपर्यंतच ते सांभाळतात. मार्चच्या दुपारी ३६ अंशांत मोजलं तर पाणी आहे त्यापेक्षा जास्त दिसतं आणि माणूस विनाकारण घाबरतो. सकाळी मोजा. आणि मधाच्या पट्टीवर साध्या पाण्याने शून्य लावता येत नाही, सोबतच्या तेलानेच लावा.

तेरणाकाठ

वरचं सगळं बरोबर. भाड्याचं म्हणाल तर ८-१० दिवस थांबा, करडई फुलावर असेल तर कडेच्या फ्रेमही बंद होतील. तोवर कडेच्या फ्रेम मध्ये आणि मधल्या कडेला असं करून ठेवा, माश्या मधलं काम आधी पुरं करतात. फक्त फार रेंगाळू नका. धने आणि सूर्यफुलाचा मध लवकर दाणे धरतो, आणि पोळ्यातच गोठला की यंत्रात निघत नाही.

काढणीचं आता. सकाळी ७ ते ९. उन्हात नवं मेण मऊ होतं, मधाने भरलेली फ्रेम हातात वाकते. धूर शेणीचा किंवा स्वच्छ गोणपाटाचा, तोही दारात दोन-तीन फुंका आणि वरून एक. खताची, औषधाची गोणी जाळू नका. सुपरमध्ये धूर कोंडला की मधाला धुराचा वास लागतो आणि तो कशानेच जात नाही. माश्या मऊ ब्रशने झाडा, ब्रश अधूनमधून पाण्यात धुऊन झटका. रिकाम्या सुपरला खालून ताट, वरून ओलं कापड, त्यात एकेक फ्रेम ठेवत जा. एक थेंबही पेटीजवळ सांडता कामा नये. फुलं सरत आली असतील तर सांडलेल्या मधावर लूट सुरू होते आणि दुबळी पेटी तासाभरात रिकामी होते.

पिलाव्याच्या (अंडी-अळ्यांच्या, खालच्या) कोठीतल्या फ्रेमला हात लावायचा नाही, कितीही भरलेली दिसली तरी. त्यात अळ्या असतात, पराग असतो, डिसेंबरच्या पाकाची साखर असते. ऊस सी-४ वर्गातला (बहुतेक फुलझाडांपेक्षा वेगळ्या पद्धतीने साखर बनवणारा), त्यामुळे त्याची साखर प्रयोगशाळेत मधात ओळखू येते. शिवाय करडई, कडुनिंब, करंज संपल्यावर जूनमध्ये माश्यांना तेच खायला आहे.

खोली माश्या शिरणार नाहीत अशी बंद हवी, खिडक्यांना जाळी. सुरी कडक पाण्यात बुडवा, कोरडी पुसा (न पुसता वापरली तर ते पाणी तुमच्याच मधात जातं), आणि खालून वर नेत झाकण पातळ सोला. खड्ड्यातली घरं काट्याने उघडा. यंत्रात समोरासमोर सारख्या वजनाच्या फ्रेम ठेवा, नाहीतर यंत्र थरथरतं. पहिली बाजू हळू फिरवून अर्धीच रिकामी करा, मग फ्रेम उलटून दुसरी बाजू पूर्ण, मग परत पहिली. पहिल्याच झटक्यात जोर लावला तर आतल्या बाजूचा भरलेला मध पोळं बाहेर ढकलतो आणि तारेवरून फाडतो. पहिल्या वर्षीच्या पांढऱ्या पोळ्यात हे हमखास होतं.

गाळणी दोन: वर जाड स्टीलची, खाली बारीक नायलॉनची. साडीच्या सुती कापडातून गाळू नका, धागे सुटतात आणि गाळायला रात्र जाते. मग नळ असलेल्या झाकणाच्या पिंपात २ ते ३ दिवस निवत ठेवा. मेणाचे कण, हवा, फेस वर येतो, तो काढून टाका आणि खालच्या नळाने बरण्या भरा.

गोदाकाठ

खूप आभार. झटका देऊन बघितला, कडेच्या तीन फ्रेममधून थेंब उडाले, म्हणून थांबतो. साठवणीचं कुणी सांगेल का? आणि एक जण म्हणाला, पाणी जास्त निघालं तर मध परातीत पसरून पंख्याखाली ठेवायचा. मध दाणे धरतो तेव्हा गिऱ्हाईक साखर मिसळली म्हणतं, त्याला काय सांगायचं?

मोहोळ_बीड

दादा, तेलाचे डबे नकोत. मध आम्लधर्मी असतो, सामू ४ च्या आसपास. डब्याच्या कडेला कल्हई उडालेली असेल तिथे गंज चढतो, मध काळपट होतो, आणि तेलाचा खवट वास कितीही धुतला तरी उरतो. जस्ताची बादली, तांबं, पितळ वर्ज्य. औषधाचे कॅन तर धुवूनसुद्धा नाही. स्टीलचं पिंप, काच किंवा खाद्यपदार्थाच्या दर्जाची एचडीपीई (जाड प्लास्टिकची) बादली, बस. १ लिटर मध साधारण १.४ किलो भरतो, म्हणजे २० लिटरच्या बादलीत २८ किलो. एका पेटीच्या सुपरमधून या काळात १० ते १५ किलो धरा आणि त्या हिशेबाने भांडी आणा. बादली काठोकाठ भरा. अर्धी रिकामी बादली पावसाळ्यात दर वेळी उघडली की वरचा थर पाणी ओढतो आणि आंबणं तिथूनच सुरू होतं.

परातीचं म्हणणाऱ्याला विचारा, उघड्या परातीत धूळ, मुंग्या आणि गल्लीतल्या माश्या कोण आवरणार? वाळवायचंच असेल तर मध पोळ्यात असताना. सुपर एकावर एक आडवे-तिडवे रचून, बंद कोरड्या खोलीत खालून पंखा, एक रात्र. फेब्रुवारीत एवढ्याने १ टक्का सहज उतरतो. पावसाळ्यात याच्या उलट होईल, दमट हवेत पंखा लावला की मध आणखी पाणी पिईल. तेव्हा पाणी ओढून घेणारं डीह्युमिडिफायर यंत्र लागतं.

आता उकळणं आणि पत्र्याचं घर, दोन्हींचा आजार एकच आहे. तापला की मधातली फळसाखर मोडून एचएमएफ नावाचं द्रव्य तयार होतं, एन्झाइम मरतात, रंग गडद होतो, फुलाचा वास उडतो. आपल्याकडे एचएमएफची मर्यादा किलोला ८० मिलिग्रॅम आहे. त्याच्या निम्मं, म्हणजे ४० मिलिग्रॅम व्हायला ३० अंशांत काही महिने लागतात, ४० अंशांत २० ते ५० दिवस, ६० अंशांत एक-दोन दिवस. पत्र्याखाली मे महिन्यात दुपारी ४० च्या वर सहज जातं. म्हणजे शिमग्याला काढलेला चांगला मध मृगापर्यंत प्रयोगशाळेत नापास होऊ शकतो, आणि बरणीला हातही लावलेला नसतो. उकळून पाणी आटत असलं तरी तोवर मध मध राहत नाही.

शेजारी-पाजारी माळवदाचं (मातीच्या धाब्याचं) घर असेल तर त्याच्या आतल्या अंधाऱ्या खोलीत बादल्या ठेवा, धाब्याखाली पत्र्यापेक्षा कितीतरी गार असतं. जमिनीवर न ठेवता फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब. नसेल तर सरळ सांगते, मेअखेरपर्यंत ठेवूच नका, एप्रिलमध्ये विका.

दाण्यांचं असं की द्राक्षसाखर जास्त असलेला मध लवकर गोठतो. १४ अंशांच्या आसपास सगळ्यात जोरात, म्हणून आपल्याकडे थंडीच्या रात्रीत बरण्या पांढऱ्या होतात. गिऱ्हाइकाला बरणीवरच लिहून द्या की गोठणं हा मधाचा स्वभाव आहे. पाण्यात थेंब टाकणं, काडी पेटवणं, कुत्र्यापुढे ठेवणं या परीक्षांना काही अर्थ नाही, पाकसुद्धा त्यात पास होतो. पातळ हवा असेल तर बरणी ४० ते ४५ अंशांच्या पाण्यात ठेवा, भांडं थेट चुलीवर नको. पाणी हाताला गरम पण सोसवेल इतकं.

एक धोका मात्र खरा आहे. पाणी १९-२० असलेला मध अर्धवट गोठला की दाण्यात साखर जाते आणि वरच्या पातळ भागात पाण्याचं प्रमाण वाढतं. तो भाग आंबतो. खाली पांढरा थर, वर पातळ आणि फेस अशी बरणी दिसली तर ती विक्रीतून बाजूला.

परभणीचा_मधपाळ

ताईंनी सांगितलं त्यात एवढंच: विकायचा असेल तर आधी एफएसएसएआयची नोंदणी करा, आणि बरणीवर वजन, बॅच, काढणीची तारीख लिहा. वर्षाच्या आतल्या बाळाला देऊ नये हेही छापा. मधात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात.

गोदाकाठ

शेवटचं. मध काढल्यावर ओल्या फ्रेमचं काय करायचं? उघड्यावर ठेवल्या तर माश्या चाटून साफ करतील ना?

तेरणाकाठ

उघड्यावर अजिबात नाही. पंचक्रोशीतल्या माश्या गोळा होतील, मारामारी होईल आणि एकीचा रोग दुसरीला लागेल. दिवस मावळल्यावर ज्याचा सुपर त्याच पेटीवर परत चढवा, दार दोन बोटांएवढं ठेवा. दोन-तीन दिवसांत त्या स्वतःच कोरड्या करतात. फुलोरा चालू असेल तर सुपर तिथेच राहू द्या. संपला असेल तर फ्रेम काढून मोकळ्या अंतराने, उजेड आणि वारा लागेल अशा टांगा. पोळं खाणाऱ्या मेणकिड्याला अंधार आणि पिलाव्याचं काळं पोळं आवडतं. राणीजाळी लावलेल्या सुपरची पांढरी पोळी त्यातून बरीच वाचतात, काळी पडलेली वेगळी काढून वितळवा. डांबराच्या गोळ्या ठेवू नका, तो वास मेणात बसतो आणि पुढच्या वर्षीच्या मधात उतरतो.