ऊन, पीठ आणि आपला गोंधळ: तुमचेही किस्से सांगा

गोकुळपेठची_मावशी
मार्च सरला. ट्रंकेत ठेवण्याआधी स्वेटरांना एक दिवस ऊन दाखवायचं म्हणून सुनेला सांगितलं, "बेटा, ये सब ऊन में डाल दे." सून जबलपूरची. ती एकदा स्वेटरकडे बघते, एकदा माझ्याकडे. "मम्मीजी, ये तो ऊन के ही हैं." तिच्या हिंदीत ऊन म्हणजे लोकर! दोघी गच्चीवर हसत बसलो, स्वेटर तसेच पडलेले.

त्यावरून एक जुनं आठवलं. मी चौथीत असेन. आईचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. शेजारी एक चाची राहायच्या, अलाहाबादकडच्या. आईनं आपल्या मोडक्या हिंदीत त्यांना हाक मारली, "चाची, जरा पीठ मल दो ना." कणिक मळून द्या, असं म्हणायचं होतं तिला. चाची घरात गेल्या आणि वाटीभर कोमट सरसोंचं तेल घेऊन आल्या. आईला पालथं झोपवलं आणि अर्धा तास पाठ रगडून दिली. परात तशीच कोरडी. आई त्यांना काही बोललीच नाही. मी नंतर विचारलं, "काहून नाही सांगितलं?" तर म्हणाली, "बरं वाटत होतं गं." त्या रात्री आम्ही खिचडी खाल्ली.

आपल्या नागपुरात तुमच्याही घरी झालंच असेल असं काही. लिहा.

तर्री_जादा
शिक्षा, चेष्टा, राग हे कोणी लिहू नका बाप्पा, शाळेपासून ऐकून राहिलो.

माझा हिंदीशी नाही, पुण्याशी झाला. नवीन नोकरी, पहिला दिवस. साहेब म्हणाले, "आमच्यासोबत जेवणार का?" मी म्हटलं, "हाव." ते थांबले. "कसली हाव?" मले वाटलं भाजी कोणती पाहिजे ते विचारून राहिले. मी म्हटलं, "काहीही चालते." आजही त्या ऑफिसात माझं नाव हावरा आहे. आपल्याकडे 'हाव' म्हणजे हो, तिकडे लोभ.

कोल्हापूरची_सून
ताई, आई-चाचींचं वाचून डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही.

माझं लग्नानंतरचं पहिलं वर्ष. सासूबाई म्हणाल्या, "गंज घासून ठेव." मी तवा, कढई, विळी सगळं उलटंपालटं करून तपासलं. कुठेच गंज चढलेला नाही. भीत भीत सांगितलं, "आई, गंज नाहीये." त्या म्हणाल्या, "नाहीये कसा, सकाळी तर दूध तापवलं त्यात!" मग कळलं, इकडे गंज म्हणजे पातेलं.

दुसऱ्याच दिवशी "वरणावर सांबार टाक". मी म्हटलं, वरणावर सांबार?? दोन डाळी एकावर एक? कोथिंबीर हो, कोथिंबीर!

तर्री_जादा
@कोल्हापूरची_सून आणि भाजीवाल्याला 'कोथिंबीर' म्हटलं की तो दोन रुपये वाढवते, अनुभव आहे 😄

निवृत्त_गुरुजी
मावशींनी नकळत दोन फार छान शब्द उचलले आहेत. चष्मा वर करून लिहितो, टंकनदोष पोटात घाला.

आपलं ऊन संस्कृत 'उष्ण'वरून आलं. उष्ण, मग उण्ह, मग ऊन. जुन्या लिखाणात 'ऊन्ह' असंही सापडतं, त्या 'ह'मध्ये उष्णाची धग शिल्लक आहे. हिंदीचं ऊन आलं 'ऊर्णा'वरून, म्हणजे लोकर. वाटा दोन, झिजून झिजून एकाच चौकात आल्या. आणि तिसरं ऊन खुद्द संस्कृतात आहे, म्हणजे कमी. एकोणीस म्हणजे 'एक ऊन वीस', एकानं कमी वीस. आपलं उणं तेच.

पीठ तर त्याहून गमतीचं. आपलं दळलेलं पीठ 'पिष्ट'वरून. हिंदी पीठ 'पृष्ठ'वरून, त्याचीच आपली पाठ. आणि शक्तिपीठ, विद्यापीठ यातलं पीठ म्हणजे आसन, ते संस्कृतातून जसंच्या तसं आलं. त्यामुळे विद्यापीठात पीठ दळतात का, हा दर वर्षी येणारा विनोद माझ्याकडून इथेच बाद.

लिंगाकडेही बघा. आपलं ऊन 'ते', हिंदीत ऊन स्त्रीलिंगी. आपलं पीठ 'ते', त्यांची पीठ 'ती'. बोट तसंच. हाताचं बोट 'ते', तलावातली बोट 'ती'.

फुटाळा_संध्याकाळ
गुरुजी, बोटीवरून आठवलं. माझा पुतण्या पाच वर्षांचा असताना रडत आला, "काका, माझी बोट तुटली." मी धावलो, हात बघितला, दहाही बोटं शाबूत. कागदाची बोट होती. 'माझी' कडे लक्ष द्यायला हवं होतं, पण तेव्हा व्याकरण कुठे सुचतं.

घर_बांधणे_चालू_आहे
आमच्याकडे छत्तीसगडचे मिस्त्री आहेत. पहिल्या दिवशी फोनवर कोणाला तरी सांगत होते, "मोर घर..." मला वाटलं घराला मोराची नक्षी करणार की काय! त्यांच्याकडे मोर म्हणजे माझं. मग दुपारी म्हणाले, "बहुत घाम हे." मी पंखा आणून लावला. ते म्हणे पंखा नको, ताडपत्री बांधा. त्यांचा घाम म्हणजे ऊन!

गुरुजी, हे पण दोन वाटांचं का?

निवृत्त_गुरुजी
नाही, इथे वाट एकच. दोन्ही 'घर्म'चे, म्हणजे उष्णता. त्यांच्याकडे तो शब्द आकाशात राहिला, आपल्याकडे अंगावरून ओघळला. फारसी 'गर्म' याच गोतावळ्यातला.

घर_बांधणे_चालू_आहे
वा! मिस्त्रींना सांगतो. (विटांचा भाव कोणाला माहीत असेल तर वेगळा मेसेज करा प्लीज)

अजनी_रेल्वे_क्वार्टर
आमच्या बाजूला तेलुगू आंटी होत्या. लहानपणी त्या आमच्याकडे जेवायला बसल्या की माझी आजी भात वाढायची. त्या म्हणायच्या "चालु, चालु". आजी म्हणे, "चालू आहे ना, वाढतेच आहे." आणि अजून एक डाव. तेलुगूत चालु म्हणजे पुरे. लिहिताना त्यांचा उकार ऱ्हस्व, पण वाढताना कोण बघतं! बिचाऱ्यांनी तीन वाढण्यांनंतर ताटावर हातच ठेवला.

चौथा_शनिवार
मी बँकेत होतो, आता सुटलो. एक आजोबा, हिंदीभाषक, पेन्शनचा फॉर्म. मी बोट दाखवून म्हटलं, "यहाँ खाली सही कर दो." आजोबांनी पेन खाली ठेवलं. "खाली? पहले भरो, फिर करूँगा. मैं कोरे कागज़ पर दस्तखत नहीं करता." त्यांच्या दृष्टीनं बरोबरच होतं. त्यांचं खाली म्हणजे रिकामं, माझं म्हणजे तळाशी. वर 'सही' म्हणजे त्यांना बरोबर, आपल्याला स्वाक्षरी. हा शब्द मात्र एकच आहे, अरबी 'सहीह'. बरोबर आहे असं लिहून देण्यासाठी केलेली खूण, म्हणून सही.

आपल्या शहरात हे होणारच. 1956 पर्यंत आपण आधी मध्य प्रांताची, मग जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतो, कचेरीत मराठी-हिंदी दोन्ही चालायच्या. माझे वडील हिंदीत अर्ज लिहायचे आणि मराठीत चिडायचे.

आपली_बस_वाली
कंडक्टर रोज ओरडतो, "बसमध्ये बस ना बे, बस झालं तुझं!" एका वाक्यात तीन बस. पहिली लॅटिन 'ओम्निबस'ची शेपटी, म्हणजे सर्वांसाठी. दुसरा आपला बसणे. तिसरा फारसीतून आलेला, पुरे. सर्वांसाठी म्हणतात पण जागा एकालाही नसते. उतरते, स्टॉप आला

संत्र्याची_साल
भाचा जर्मनीत शिकतो. त्याच्या वाढदिवसाला आमच्या ह्यांनी इंग्रजी अक्षरांत नुसतंच 'गिफ्ट' लिहून पार्सल पाठवलं. तिकडे गिफ्ट म्हणजे विष! मूळ दोन्हींचं एकच म्हणे, 'दिलेलं'. आत फल्लीची, म्हणजे शेंगदाण्याची, चटणी होती. भाचा म्हणाला, तिखट बघता नाव बरोबर आहे.

कोल्हापूरची_सून
😂😂 धाग्यावर फल्ली आलीच आहे तर, सांबारवडीच्या सारणात फल्लीचा कूट घालता का कोणी? की नुसती खसखस-खोबरं?

संत्र्याची_साल
आम्ही नाही घालत. खसखस, सुकं खोबरं, आणि सांबार धुऊन पूर्ण कोरडा करायचा, नाहीतर वडी फुटते.

तर्री_जादा
उन्हाळ्यात सांबारवडी? हिवाळा येऊ द्या ना.

फुटाळा_संध्याकाळ
@गोकुळपेठची_मावशी त्या चाचींना कधी कळलं का, आईला काय पाहिजे होतं ते?

गोकुळपेठची_मावशी
कळलं ना. दुसऱ्या दिवशी मीच चुगली केली. चाचींनी कपाळावर हात मारला आणि "अरे, आटा बोलो ना!" म्हणत पंधरा-सोळा पोळ्यांची कणिक मळून दिली. प्लास्टर निघेपर्यंत रोज यायच्या. कणीक आधी, मग तेलाची वाटी. आईनं 'आटा' शब्द शिकून घेतला, पण 'पीठ मल दो' म्हणणं काही सोडलं नाही.

तर्री_जादा
हुशार होती माय.

आणि स्वेटर? गेले का ट्रंकेत?

गोकुळपेठची_मावशी
गेले. डांबरगोळ्या मागवल्या तर सून विचारते, "मम्मीजी, डामर रोड वाला?" उद्या सांगते, दळण आणायला जायचं आहे.