औली-गुलमर्गच्या लिफ्ट: कुठली सुधारायची, कुठली काढायची?

यवतेश्वरकर (सातारा)
आपल्या ट्रेकच्या ग्रुपमधले बरेच जण उत्तराखंडातल्या औलीला नाहीतर काश्मीरमधल्या गुलमर्गला स्कीइंगचा बेसिक कोर्स करून आलेत, म्हणून विचारतो. तिथल्या कुठल्या लिफ्टवर पैसा घालावा आणि कुठली सरळ काढून टाकावी?

माझं मत आधी मांडतो. पैसा सगळ्यात आधी शिकाऊ उतारावरच्या ड्रॅग लिफ्टवर घालावा. तिचा फोटो कुणी काढत नाही, उद्घाटनाला मंत्री येत नाहीत, म्हणून ती मागं पडते. डोक्यावर फिरणारा दोर, त्याला लोंबणारा दांडा, दांड्याच्या टोकाला थाळी. थाळी मांड्यांमध्ये धरायची, स्की बर्फावरच ठेवायच्या, दोर आपल्याला वर ओढत नेतो. नवखा माणूस हमखास थाळीवर बसायला जातो, दांड्यातली स्प्रिंग सैल सुटते आणि तो बुडावर आपटतो. दोन-तीन फेऱ्यांत जमतं. पण ही लिफ्ट बंद असली की त्या कडक बुटांत स्की खांद्यावर टाकून चढायचं. चढायला दहा मिनिटं, घसरायला अर्धं मिनिट. दुपारपर्यंत पायांत जीव राहत नाही आणि शिकणं तिथंच थांबतं.

काढायचं म्हणाल तर खालच्या जोशीमठ गावातून वर औलीला जाणारा रोपवे. सुमारे ४ किलोमीटर लांब, १० टॉवर, १९९४पासूनचा. जानेवारी २०२३मध्ये जोशीमठची जमीन खचली, आठशेच्या वर इमारतींना भेगा गेल्या आणि रोपवे बंद करावा लागला. हे गाव जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलंय, तिथं जड बांधकाम नको, असं सरकारनं नेमलेल्या मिश्रा समितीनं १९७६मध्येच सांगितलं होतं. त्याच जागी पुन्हा तेच उभं करायचा हट्ट कशाला?

कृष्णाकाठ (सांगली)
दादा, अजिबात पटलं नाही. औलीला जाणाऱ्यांत स्की करणारे किती असतात? बाकी सगळे बर्फ बघायला येतात, नंदादेवीचं दर्शन घेतात, चहा-मॅगी खातात, आणि त्यांच्या तिकिटावरच तर रोपवे चालायचा. आम्ही गेलो तेव्हा सासूबाई सोबत होत्या. सत्तरीच्या बाईला औली दिसली ती त्या डब्यातून. तुमच्या थाळीवरून त्या जाणार होत्या का?

आणि रोपवे काढला की सगळा भार रस्त्यावर. चौदा-एक किलोमीटरचा घाट, बर्फ पडला की चाकांना साखळ्या बांधाव्या लागतात, सावलीतल्या वळणांवर बर्फाची काच झालेली असते. आमची गाडी एका वळणावर आडवी झाली होती, अजून आठवलं की पोटात गोळा येतो. खचणाऱ्या गावातून रोज शेकडो गाड्या घालण्यापेक्षा खालचं स्टेशन पक्क्या जागी हलवून रोपवे पुन्हा बांधा. काढा म्हणणं सोपं आहे, तिथल्या घोडेवाल्यानं आणि टपरीवाल्यानं खायचं काय?

निवृत्त सुभेदार (अपशिंगे मिलिटरी)
नमस्कार मंडळी. नोकरीत गुलमर्गला राहिलोय, तिथं लष्कराची हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल १९४८पासून आहे. आम्ही लिफ्टशिवाय शिकलो. आडव्या पायांनी चढा, मग माशाच्या काट्यासारखे पाय फाकवून चढा. त्या चढण्यातच स्कीच्या कडेवर वजन कसं टाकायचं ते कळतं. पहिले काही दिवस तर लिफ्ट नसलेलीच बरी. त्यामुळं यवतेश्वरकरांचा अग्रक्रम मला मान्य नाही.

माझ्या मते पैसा वरच्या टप्प्यावर, सुरक्षेवर लागावा. गुलमर्ग गोंडोलाचा, म्हणजे फिरत्या दोरावरच्या बंद केबिनच्या लिफ्टचा, पहिला टप्पा १९९८चा, मधल्या कोंगडोरी स्टेशनपर्यंत. दुसरा २००५चा, तो अफरवट डोंगराच्या अंगावर चार हजार मीटरच्या जवळ जातो. जून २०१७मध्ये वादळात झाड उन्मळून केबलवर पडलं, केबिन खाली आली आणि सात जीव गेले. दोर तुटला नव्हता, मोटर बिघडली नव्हती. झाड पडलं होतं. नवीन केबिन आणून त्यावर इलाज होत नाही. केबलच्या दोन्ही अंगांची धोक्याची झाडं दर वर्षी तपासा, वारा मोजून वेळेत बंद करा, हिमस्खलन बघणारी माणसं वाढवा. काढायचं मात्र काहीच नाही.

यवतेश्वरकर
सुभेदारसाहेब, झाडांचं अगदी बरोबर. पण तुमच्या पोरांचे पाय वेगळे. इथं चाळिशीची शिक्षिका सुट्टी काढून, पदरचे पैसे भरून जाते. तिनं निम्मा कोर्स चढण्यात घालवायचा का? दोन दिवस चढू दे, पुढं तिला फेऱ्या मिळायला हव्यात. स्की फेऱ्या मारूनच येतं.

ताई, सासूबाईंचा मुद्दा डोक्यावर. म्हणूनच औलीतली ८०० मीटरची चेअरलिफ्ट ठेवा म्हणतो. ती खुर्ची आहे, स्की नसलेलं माणूसही बसून जातं.

वाळव्याचा फिटर
साखर कारखान्यात पुली, दोर, गिअरबॉक्स हेच करतो, म्हणून यंत्राच्या अंगानं लिहितो.

जोशीमठच्या रोपवेला दोन डबे. एक वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो, दोघं एकमेकांचं वजन तोलतात. मध्ये तिसरा डबा घालायला जागाच नाही. २५ माणसं, वर जायला साधारण २५ मिनिटं. म्हणजे उतरणं-चढणं धरून तासाला पन्नास माणसंसुद्धा कशीबशी. लांबी वाढली की क्षमता घटते, हा या जातीच्या रोपवेचा स्वभावच. कृष्णाकाठताई, रस्त्यावरचा भार तो एवढाच उचलत होता. पुन्हा बांधायचाच असेल तर गुलमर्गसारखा फिरत्या दोराचा बांधावा, त्यात केबिन वाढवता येतात. नुसतं स्टेशन हलवून भागणार नाही.

औलीच्या चेअरलिफ्टबद्दल काही जण म्हणतात, वेगवान डिटॅचेबल आणा. हिशेब करा. खुर्ची दोराला कायमची आवळलेली असली तर वेग सेकंदाला अडीच मीटरच्या आत-बाहेर. ८०० मीटरला साडेपाच मिनिटं. डिटॅचेबलमध्ये खुर्ची स्टेशनात दोर सोडते, हळू होते, माणूस निवांत बसतो, मग पुन्हा दोर पकडून पाच मीटरनं पळते. वाचली किती? तीन मिनिटंसुद्धा नाहीत. त्यासाठी प्रत्येक खुर्चीच्या ग्रिपमध्ये, म्हणजे दोर पकडणाऱ्या चिमट्यात, स्प्रिंगा, स्टेशनात टायरांची रांग, आणि ते सांभाळणारा तयार माणूस बारा महिने डोंगरावर. एवढ्या छोट्या लिफ्टला हे नको. आहे तीच नीट ठेवा: पुलीचे रबर वेळेत बदला, दोर एकाच जागी झिजू नये म्हणून ग्रिप ठरल्या वेळी पुढं सरकवा, दोराची चुंबकीय तपासणी करा. टॉवर पिढीभर टिकतो. झिजतं ते त्याच्यावरचं सामान.

मेणवली घाट (वाई)
सगळे बर्फ गृहीत धरून बोलताय. जानेवारी २०२४मध्ये गुलमर्गचे उतार कोरडे होते. २०२५च्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा तिथं फेब्रुवारीत व्हायच्या होत्या, बर्फ नाही म्हणून मार्चमध्ये घेतल्या. औलीत २०११च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी कृत्रिम बर्फाची यंत्रं बसवली, पण त्यांनाही पाणी लागतं आणि हवा गोठणबिंदूच्या खाली लागते.

बर्फ आधी जातो तो खालच्या उतारावरचा, म्हणजे यवतेश्वरकरांच्या लाडक्या जागेवरचा. शिवाय ड्रॅग लिफ्टला जमिनीवर बर्फ लागतोच, नाहीतर माणसाला काय मातीतून ओढणार? चेअरलिफ्ट बर्फ नसतानाही माणसं वर नेते आणि खाली आणते. मग पैसा बुडणारी गोष्ट कुठली?

यवतेश्वरकर
हा खरा मुद्दा. पण ड्रॅग लिफ्ट हलकी असते, शिकाऊ उतारावरची लहान लिफ्ट तर उचलून वर नेता येते. गुलमर्गला ती खालच्या मैदानाऐवजी कोंगडोरीला, ३००० मीटरच्या वर, आणखी लावा. नवख्यांनी गोंडोलानं तिथवर जावं आणि तिथं शिकावं. वाऱ्यानं गोंडोला थांबतो तेव्हाही जमिनीलगतची लिफ्ट बऱ्याचदा चालू ठेवता येते. चेअरलिफ्टचा पाया मात्र एकदा घातला की घातला.

कृष्णाकाठ
वर शिकायचं म्हणजे रोज गोंडोलाचं तिकीट आलं, दादा. कोर्सच्या फीमध्ये ते धरणार असाल तरच बोला. आणि जोशीमठचं अजून माझं समाधान झालेलं नाही. काढायचा म्हणजे नक्की काय काढायचं? खचत्या जमिनीतले पाये उकरणार?

वाळव्याचा फिटर
पाये उकरायचे नाहीत, ताई. खालच्या एक-दोन टॉवरचं लोखंड बुडाशी कापायचं, काँक्रीट जमिनीतच ठेवायचं. पण त्याच्या आधी दोर उतरवायला हवेत. रोपवे बंद असला तरी दोर ताणलेलाच असतो आणि खालच्या स्टेशनच्या पायाला तो रात्रंदिवस ओढत असतो. नवीन रोपवे होवो न होवो, ते काम पावसाळ्याच्या आधी व्हावं.