पामच्या बिया रुजत नाहीत. सल्ला हवा आहे

गच्चीवरचा माळी (गंगापूर रोड, नाशिक):
डिसेंबरच्या सुरुवातीला अरेका पामच्या तीस आणि भेरली माडाच्या दहा बिया मी चार दिवस कडक उन्हात वाळवून, वरच्या सालीसकट काळ्या मातीत रुजत घातल्या. दोन महिने झाले तरी एकही कोंब दिसत नाही. पुढे शिंदीच्या बियाही लावण्याचा विचार आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

जुना बागकामी:
पामचे बी धान्यासारखे वाळवून ठेवण्याचे नसते. बहुतेक जातींत ते पूर्ण सुकले की आतला अंकुर मरतो, आणि फ्रीजमध्ये ठेवल्यासही बहुतेक उष्ण प्रदेशीय जातींची हीच गत होते. पिकलेले फळ झाडाखालून उचलावे, गर पूर्ण काढावा (तो राहिल्यास बुरशी धरते आणि रुजणेही लांबते), मग बी दोन दिवस पाण्यात ठेवून पाणी रोज बदलावे. भेरली माडाचा गर मात्र उघड्या हातांनी कधीही काढू नये. त्यात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. मी एकदा हातमोजे न घालता हा उद्योग केला आणि रात्रभर हात खाजवत बसलो.

दुसरी गोष्ट थंडीची. पामला रुजण्यासाठी साधारण २५ ते ३५ अंश तापमान लागते आणि आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा अनेकदा १० अंशांच्या आसपास येतो. उबेत अरेका साधारण दीड-दोन महिन्यांत रुजतो, भेरली माडाला तीन-चार महिने किंवा त्याहून अधिकही लागू शकतात. नवीन बिया मार्चनंतरच घालाव्यात. काळी माती नको; ओलसर, पण पिळल्यास पाणी न गळणारे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि जाड वाळू पुरे.

शिंदीप्रेमी:
वरील सल्ला योग्यच आहे, फक्त शिंदीसाठी खोल कुंडी घ्यावी. अरेकाचा कोंब बियाला लागूनच वर येतो. शिंदीच्या बियातून मात्र आधी एक दांडा जमिनीत खोल उतरतो आणि पहिले पान बियापासून थोडे दूर उगवते. बी रुजले का, हे पाहण्यासाठी माती उकरणारे लोक नेमका हाच दांडा मोडतात. (मीही मोडला आहे, दोनदा.)

गच्चीवरचा माळी:
दोघांचेही आभार. आज अरेकाच्या चार बिया कापून पाहिल्या: तीन बियांच्या आतला गर तपकिरी आणि भुसभुशीत झाला होता, एकीचा मात्र सुक्या खोबऱ्यासारखा पांढरा आणि कठीण होता. त्यामुळे अरेकाच्या उरलेल्या सव्वीस बिया धुऊन कोकोपीटमध्ये घातल्या आहेत आणि डबा दुपारी ऊब मिळेल अशा सावलीत, गच्चीवरच्या जिन्याच्या खोलीत ठेवला आहे. भेरली माडाच्या दहा बिया हातमोजे आणल्यावरच उकरेन.