दोष मुलीच्या आत्मविश्वासाचा की हातातल्या ॲपचा?

लक्ष्मीनगरची शिक्षिका:
काल आपल्या नागपूरच्या या गटावर एका सदस्यांनी लिहिले की फोटो सुधारणारी ॲप म्हणजे आरशासमोरची पावडरच आहे. ज्या मुलीला घरातून आत्मविश्वास मिळाला तिचे त्याने काही बिघडत नाही आणि जिला मिळाला नाही तिचा दोष आईवडिलांचा. या मजकुरावर पसंतीचे अंगठे भराभर पडले, म्हणून सविस्तर उत्तर देणे मला भाग आहे.

मी दहावीला शिकवते. निरोप समारंभाच्या दिवशी काही मुलींनी वर्गात एकत्र फोटो काढला आणि तो पुढे पाठवण्याआधी फोन एकीकडून दुसरीकडे फिरला. प्रत्येकीने फक्त स्वतःला दुरुस्त केले: गाल आत घेतले, डोळे मोठे केले, रंग उजळला. शेवटच्या मुलीने कंबर बारीक केली तेव्हा तिच्या मागच्या फळ्याची कडाही तिच्या बाजूला वाकली. मी ती कडा दाखवली, तर उत्तर आले, "मॅडम, फळ्याकडे कोण बघतं?" या साऱ्या बोलक्या, वक्तृत्वात बक्षिसे घेणाऱ्या, घरच्यांच्या लाडक्या मुली आहेत. त्यांतल्याच एकीला पुढे अर्जासाठी साधा फोटो काढायचा होता, तेव्हा ती "ही मी नाहीच" म्हणून रडली.

पावडर रात्री धुतली जाते. ॲपमधला चेहरा मात्र फोनमध्ये राहतो, त्यालाच कौतुक मिळते आणि मग मुलगी स्वतःची तुलना नटीशी किंवा मैत्रिणीशी नव्हे, तर स्वतःच्याच सुधारलेल्या चेहऱ्याशी करू लागते. ही तुलना ती कधीच जिंकू शकत नाही. इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीच्या २०१९ च्या अंतर्गत सादरीकरणातच लिहिले होते की किशोरवयीन मुलींपैकी तिघींत एकीची शरीराबद्दलची नाराजी आपण वाढवतो. २०२१ मध्ये ते कागद बाहेर आले नसते, तर आपल्याला कळलेही नसते.

त्रिमूर्तीनगर, दोन मुलांचा बाप:
कालचा मजकूर माझाच आहे आणि त्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही. मॅडम, तो आकडा सगळ्या मुलींचा नव्हता. ज्या मुलींनी आधीच आपल्याला शरीराबद्दल वाईट वाटते असे सांगितले होते, त्यांच्यापुरताच तो होता, हे कंपनीनेही तेव्हा सांगितले होते. 'फेअर अँड लव्हली' हे गोरेपणाचे क्रीम आपल्याकडे १९७५ पासून विकले जाते. २०२० मध्ये त्याचे फक्त नाव बदलले. १९७५ मध्ये कोणाच्या हातात मोबाइल होता? रोग घरातला आहे. ॲपवर खापर फोडले की आईबाप मोकळे होतात, एवढाच त्याचा उपयोग.

बर्डीचा स्टुडिओवाला:
काका म्हणतात ते खरे आहे. फिल्मच्या काळात आम्ही निगेटिव्ह खालून उजेड येणाऱ्या तिरप्या काचेवर ठेवायचो आणि अगदी बारीक टोकाच्या पेन्सिलीने पुटकुळ्या व सुरकुत्या भरून काढायचो. चेहऱ्यावरचा काळा डाग निगेटिव्हवर फिका दिसतो. तिथे शिसे चढले की छापताना तो उजळ येतो. एका चेहऱ्यावर दुपार जायची. ती कला होती आणि त्यापायी कोणीही आजारी पडले नाही. आज प्रत्येक जण स्वतःच छायाचित्रकार झाला, आमच्याकडे पासपोर्टचे फोटो तेवढे उरले, आणि वर फसवणुकीचा आरोप आमच्याच धंद्यावर येतो. लग्नाच्या फोटोसाठी तर मुलीची आईच सांगायची, "दादा, रंग थोडा उजळ घ्या, स्थळे पाहायला सुरुवात केली आहे."

मनीषनगर, वय २६:
दादा, त्या उजळ फोटोचे पुढे काय होते, ते माझ्याकडून ऐका. माझा बायोडेटाचा फोटो असाच एका स्टुडिओत उजळून घेतला होता. मला विचारले नव्हते. मुलाकडची मंडळी आली, पोहे झाले आणि मुलाच्या आत्याबाईंनी फोन काढून तो फोटो माझ्या गालाशेजारी धरला. बैठकीत दोन्ही घरची माणसे बसलेली होती. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी फोन शेजारच्या बाईंकडे दिला आणि त्यांनीही तसाच धरून पाहिला. माझी आई खाली मान घालून बसली होती. मी इंजिनिअर आहे, कमावते आहे, आत्मविश्वास मला माझ्या घराने भरपूर दिला होता. त्या संध्याकाळी तो कुठे होता, ते काकांनी सांगावे.

त्रिमूर्तीनगर, दोन मुलांचा बाप:
ताई, तुमच्या बाबतीत घडले ते वाईटच झाले. पण तो फोटो ॲपने नाही, तुमच्या घरच्यांनी उजळवला. माझे म्हणणेच तुम्ही सिद्ध करता आहात. शिवाय मुलांकडे कोणी पाहतच नाही. माझा धाकटा मुलगा छाती भरावी म्हणून प्रोटीन पावडरींचे डबे रिकामे करतो आणि डोक्यावरचे केस विरळ झाले म्हणून टोपीशिवाय फोटो काढत नाही.

मनीषनगर, वय २६:
सिद्ध काय झाले? घरच्यांनी उजळवला, कारण समोरून उजळच मागितला जातो. तुम्ही दोन मुलांचे वडील आहात. उद्या सून पाहायला जाल तेव्हा सावळ्या मुलीचा फोटो पहिल्या चाळणीतच बाजूला काढणार नाही, हे लिहून द्या. मग घराच्या संस्कारांवर बोला.

त्रिमूर्तीनगर, दोन मुलांचा बाप:
माझ्या घरावर बोलण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? आमच्याकडे रंगावरून एकही स्थळ परत गेलेले नाही.

त्वचारोगाची डॉक्टर, धंतोली:
वाद घरगुती होण्याआधी दोन गोष्टी लिहिते, कारण त्या मी रोज पाहते. हातभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक प्रत्यक्षाहून मोठे दिसते. एक फूट आणि पाच फूट अंतरांची तुलना केली तर हा फरक जवळपास तीस टक्के भरतो, असे २०१८ मध्ये मोजून दाखवले गेले आहे. म्हणजे पोरगी ज्या नाकावर रुसलेली असते ते तिचे नाकच नसते, ते अंतराचे गणित असते. दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. सुधारलेला फोटो दाखवून "मला अशी त्वचा हवी" म्हणणाऱ्या मुली येतात, तेव्हा त्यांच्यापैकी अनेकींनी मेडिकल स्टोअरमधून आणलेले स्टिरॉइडचे मलम आधीच महिनोन्‌महिने चोळलेले असते. पहिले काही आठवडे चेहरा खरोखर उजळतो. पुढे कातडी पातळ होते, लाल पडते, केस उगवतात, पुरळ येते आणि मलम बंद केले की आग होते म्हणून ते बंदही करवत नाही. २०१८ मध्ये सरकारने अशा मलमांना डॉक्टरची चिठ्ठी सक्तीची केली, तरी ती काउंटरवर मागितल्याबरोबर मिळतात. नागपूरच्या उन्हात ही पातळ झालेली कातडी काय सोसते, ते मे महिन्यात माझ्या ओपीडीत येऊन पाहावे.

बर्डीचा स्टुडिओवाला:
डॉक्टरबाई, अंतराचे तुम्ही बरोबर लिहिले. म्हणूनच आम्ही चेहऱ्याचा फोटो लांबून, लांब भिंगाने घ्यायचो. पण मलमाचा दोष फोटोला लावू नका.

लक्ष्मीनगरची शिक्षिका:
फोटोला नव्हे, फोटो ज्या वेगाने पोचतो त्याला लावते आहे. काकांनी घराचा मुद्दा काढला, म्हणून फिजीचे उदाहरण देते. तिथे भरलेले अंग हे सुखवस्तूपणाचे लक्षण मानले जाई. १९९५ मध्ये तिथल्या एका भागात टीव्ही आला, तेव्हा वजनासाठी मुद्दाम उलटी करणारी एकही शाळकरी मुलगी पाहणीत सापडली नव्हती. १९९८ मध्ये शंभरात अकरा सापडल्या. आईबाप तेच होते, जेवण तेच होते. एवढे मात्र मी मान्य करते की रंगाचा आजार आपल्याकडे ॲपच्या कितीतरी आधीपासून आहे आणि त्याचे घरातले मूळ ॲप काढून टाकल्याने उपटले जाणार नाही. फ्रान्सने २०१७ पासून आणि नॉर्वेने २०२२ पासून जाहिरातीत शरीर बदलले असल्यास तसे लिहिण्याची सक्ती केली. पण त्याने माझ्या वर्गातल्या मुलींना काही मदत होणार नाही, कारण त्यांच्यासमोर जाहिरात नसते, शेजारच्या बाकावरची मैत्रीण असते. माझी मागणी साधी आहे: अनेक फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यात चेहरा गुळगुळीत करणारी सोय आधीपासूनच चालू असते, ती बंद अवस्थेत विकली जावी. ज्याला हवी त्याने ती स्वतः चालू करावी.

त्रिमूर्तीनगर, दोन मुलांचा बाप:
ही मागणी मला मान्य आहे. माझ्याच फोनमध्ये ती सोय चालू निघाली आणि मी कधीच चालू केली नव्हती. बाकी मताला मी चिकटून आहे.

मनीषनगर, वय २६:
आणि चाळणीचे?

त्रिमूर्तीनगर, दोन मुलांचा बाप:
थोरल्यासाठी यंदा पाहायला सुरुवात करतो आहोत. फोटो न मागता आधी प्रत्यक्ष भेट घ्यायची, असे घरात बोलून पाहतो. बायको तयार होईल असे वाटत नाही.