हॉलला समुद्री हिरवा की निळसर हिरवा?

पारिजातक: डोंबिवलीचा फ्लॅट, हॉलची एकच खिडकी पश्चिमेला. सागवानी फर्निचर, क्रीम टाइल्स. शेडकार्डवरच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांवर घोडं अडलंय. एक फिकट समुद्री हिरवा, दुसरा तसाच, पण निळ्याकडे झुकलेला. मला हिरवा आवडतो, घरचे निळ्यावर ठाम. सोमवारी काम सुरू होतंय.

रानवारा: निळसरच घ्या. पश्चिमेचं ऊन दुपारनंतर पिवळं होत जातं, त्यात हिरवा पोपटीकडे सरकतो. निळसर भिंत तापलेल्या खोलीत डोळ्यांना थंड वाटते, आणि सागवानही उठून दिसतं.

सुगरण: उठून दिसतं हीच तर अडचण! निळ्याशेजारी सागवान केशरी दिसायला लागतं. शिवाय नोकरदार घरात हॉलमध्ये माणसं बसतात ती संध्याकाळी सातनंतर. २७००-३००० केल्विनच्या पिवळ्या एलईडीत निळा प्रकाश मुळातच कमी, म्हणून फिकट निळा मळकट दिसतो. हिरवा तगतो.

रानवारा: मग ६५०० केल्विनचे पांढरे दिवे लावा.

सुगरण: आणि घराचा दवाखाना करा? भिंतीसाठी रोजचा उजेड बदलायचा, हे मला अजिबात पटत नाही.

रंगारी: मी हेच काम करतो. ताई, नुसत्या कार्डावरून ठरवू नका. चारही भिंती एकमेकींवर रंग फेकतात, त्यामुळे खोलीत तोच रंग जास्त भडक वाटतो. इमल्शन वाळल्यावर बहुतेकदा थोडं गडदही होतं. नमुना थेट जुन्या भिंतीवर मारलात तर आजूबाजूचा जुना रंग नजरेला फसवतो. मोठ्या पांढऱ्या पुठ्ठ्यांवर दोन-दोन हात मारा, कडेला पांढरं सोडा, पूर्ण वाळू द्या. मग सकाळी, दुपारी चार वाजता आणि रात्री दिवे लावून, प्रत्येक भिंतीला टेकवून बघा. खिडकी असलेली भिंत दिवसा सगळ्यात काळवंडलेली दिसते, ती विसरू नका. आणि मॅटच घ्या. चमकदार रंगावर तिरपं ऊन पडलं की पुट्टीचे उंचवटे दिसतात.

पारिजातक: खूप आभार दादा. दिवे पिवळेच राहणार, सासूबाईंना पांढरा उजेड टोचतो. म्हणजे हिरव्याचं पारडं जड? खिडकीबाहेर आंब्याचं मोठं झाडही आहे.

रानवारा: हे आधी सांगायचं ना! पानांतून येणारा उजेड हिरवट, त्यात भिंतही हिरवी? दिवसभर चेहरे फिकुटलेले दिसतील. माझं मत निळसरच, हवं तर एक पायरी फिकट.

सुगरण: दिवसभर घरात असतं कोण, ते आधी सांगा. सासूबाई असतील, तर चारच्या उजेडात त्यांनाच पुठ्ठे दाखवा. नाहीतर मी हिरव्यावरच ठाम.