मदत हवी आहे: लोकसंख्या शून्य, तरी महापौर असलेलं फ्रेंच गाव

नमस्कार मंडळी. फ्रान्समधल्या व्हर्दंजवळच्या फ्लरी या शेतकरी गावावर मराठीत टिपण लिहितेय. १९१३ साली इथे ४२२ माणसं राहत होती. पहिल्या महायुद्धात, १९१६च्या उन्हाळ्यात, फ्रेंच आणि जर्मन सैन्यांत गावाचा ताबा १६ वेळा बदलला आणि एकही घर उरलं नाही. आज तिथे रान आहे, तोफगोळ्यांनी खड्डे पडलेली जमीन आहे. बेकरी कुठे होती, लोहार कुठे बसायचा, हे सांगणारे खांब आहेत. ते वाचून पोटात कालवतं. वस्ती शून्य, तरी कम्यून (फ्रान्समधला सर्वांत छोटा स्थानिक प्रशासकीय घटक) कायम. महापौर सरकार नेमतं.

'कम्यून'ला 'ग्रामपंचायत' म्हणावं का? मला खटकतं. आणि १९११च्या जनगणनेचं फ्रेंच हस्ताक्षर, विशेषतः व्यवसायाचा रकाना, कुणी वाचून देईल का?